अर्धा गेम दुसऱ्याच्या खिशात: पोकेमॉन रेड आणि ग्रीनचा इतिहास

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेले अडखळे तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय पोकेमॉन. पण कार्टूनमधला पोकेमॉन नाही. कार्टून यायच्या आधी जे होतं, म्हणजे मूळ गेम, त्याबद्दल आज बोलायचंय. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये एकाच दिवशी दोन कार्ट्रिज विक्रीला आली, 'पॉकेट मॉन्स्टर्स रेड' आणि 'पॉकेट मॉन्स्टर्स ग्रीन'. कथा तीच, नकाशा तोच, संगीत तेच. मग दोन कशाला? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचा एपिसोड. आणि ते उत्तर एका वायरमध्ये दडलंय.

ज्यांनी हा गेम कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. तुम्ही एक लहान मुलगा आहात, घरातून निघता, गवतातून चालताना जंगली प्राणी समोर येतात. त्यांना दमवायचं, चेंडूत पकडायचं, सांभाळायचं, लढवायचं, आणि सगळ्या जाती गोळा करून त्यांची नोंदवही पूर्ण करायची. एवढाच गेम. फक्त एक मेख आहे. ही नोंदवही एकट्याने पूर्ण होतच नाही. कितीही हुशार असा, कितीही तास खेळा, होत नाही.

आधी यंत्र

गेम बॉय जपानमध्ये आला २१ एप्रिल १९८९ ला. निन्टेन्डोमध्ये गनपेई योकोई नावाचे एक इंजिनिअर होते, त्यांच्या टीमने तो बनवला. योकोईंचं म्हणणं असं की नवंकोरं, महागडं तंत्रज्ञान वापरायच्या मागे लागू नका. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्यात, ते घ्या आणि वेगळ्या कामाला लावा. त्यामुळे गेम बॉयची आकडेवारी वाचली तर हसू येतं. प्रोसेसर साधारण ४.१९ मेगाहर्ट्झचा. कामाची मेमरी ८ केबी. स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची, तीही हिरवट, आणि रंग म्हणाल तर एकाच रंगाच्या चार छटा. स्क्रीनला मागून उजेड नाही, म्हणजे रात्री खेळायचं तर दिव्याखाली बसा.

स्पर्धक कंपन्यांकडे तेव्हा रंगीत स्क्रीन होत्या. अटारीचा लिंक्स, सेगाचा गेम गिअर. दिसायला देखणे, पण सेल भराभर खायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा. शेवटी तोच टिकला.

आणि त्याच्या कडेला एक छोटं भोक होतं. त्यात केबल लावून दोन गेम बॉय जोडता यायचे. बहुतेक गेमनी तिचा उपयोग मारामारीसाठी केला. टेट्रिस घ्या. मी इकडे ओळी फोडल्या की तुझ्याकडे खालून कचरा वर सरकणार. वायर म्हणजे दोन खेळाडूंमधला आखाडा. यापलीकडे कुणी फारसा विचार केला नव्हता.

किडे पकडणारा मुलगा

आता सातोशी ताजिरी. जन्म १९६५ चा. टोकियोच्या पश्चिमेला माचिदा नावाचं उपनगर आहे, तिथे वाढला. तेव्हा तिथे भातशेती होती, ओढे होते, झाडी होती. या मुलाला किड्यांचं वेड. इतकं की बाकीची मुलं त्याला 'किड्यांचा डॉक्टर' म्हणायची. पुढे १९९९ मध्ये 'टाइम'ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी आपली एक युक्ती सांगितली होती. भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात, म्हणून आपण झाडाखाली दगड ठेवून यायचं आणि नंतर जाऊन तो उचलायचा. बाकीची पोरं मधाचं आमिष लावत बसायची.

आपल्याकडे चतुराच्या मागे धावलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण माचिदा बदलत गेलं. शेतं गेली, तळी बुजली, रस्ते आणि इमारती आल्या. मासे धरायचं एक तळं होतं, तिथे व्हिडिओ गेमचं पार्लर उभं राहिलं. ताजिरी मोठा होत गेला तसा त्या पार्लरमध्ये शिरला. स्पेस इन्व्हेडर्सचे दिवस होते ते. १९८३ मध्ये त्याने 'गेम फ्रीक' नावाचं एक पत्रक सुरू केलं. हाताने लिहिलेलं, पिना मारून जोडलेलं. कुठला गेम कसा जिंकायचा याच्या युक्त्या त्यात असायच्या. ते वाचून केन सुगिमोरी नावाचा एक मुलगा भेटायला आला, चित्रं काढायला लागला. पुढे सगळ्या पोकेमॉनना अंतिम रूप देणारा हाच तो माणूस.

दुसऱ्यांच्या गेमना नावं ठेवता ठेवता या मंडळींनी ठरवलं की आपणच बनवू. १९८९ मध्ये 'गेम फ्रीक' कंपनी झाली. पहिला गेम 'क्विंटी', नामकोने तो प्रकाशित केला.

त्याच सुमाराला ताजिरींच्या हातात गेम बॉय आला आणि त्यांचं लक्ष त्या केबलवर गेलं. त्यांना दिसलं काय, तर वायरमधून एक किडा सरपटत या डब्यातून त्या डब्यात चाललाय. लहानपणी मुलं भुंग्यांची अदलाबदल करायची. तुझ्याकडे दोन आहेत, मला एक दे, मी तुला हा देतो. ते इथे का होऊ नये?

सहा वर्षं

१९९० मध्ये त्यांनी ही कल्पना 'कॅप्सूल मॉन्स्टर्स' या नावाने निन्टेन्डोसमोर मांडली. जपानमध्ये नाणं टाकलं की गोल डबीत खेळणं देणारी यंत्रं असतात, आणि 'अल्ट्रासेव्हन' या टीव्ही मालिकेतला नायक छोट्या कॅप्सूलमधून राक्षस बाहेर काढायचा. दोन्ही गोष्टी या नावामागे होत्या. पण नावाच्या ट्रेडमार्कची अडचण आली आणि फिरत फिरत ते 'पॉकेट मॉन्स्टर्स' झालं. जपानी लोकांना लांब शब्द तोडायची सवय, त्यामुळे पोकेमॉन.

कल्पना मांडल्यापासून गेम बाजारात यायला सहा वर्षं लागली. या काळात पैसे संपत आले. पोट भरायला कंपनीने मधेच दुसरे गेम बनवले: निन्टेन्डोसाठी 'योशी', 'मारिओ अँड वारिओ', सेगासाठी 'पल्समन'. पाच जण सोडून गेले. ताजिरींनी स्वतः पगार घेतला नाही. या काळात त्यांच्या पाठीशी दोन माणसं होती. एक त्सुनेकाझु इशिहारा, ज्यांच्या 'क्रीचर्स' कंपनीने पुढे पैसा आणि मदत दिली. दुसरे शिगेरू मियामोतो, म्हणजे मारिओचे जनक. कार्टूनच्या जपानी आवृत्तीत नायकाचं नाव सातोशी आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव शिगेरू आहे. उगाच नाही.

दोन कार्ट्रिज काढायची कल्पनाही मियामोतोंची असं सांगतात. ताजिरींच्या डोक्यात असं होतं की प्रत्येक खेळाडूचं जग थोडं वेगळं असावं. मियामोतोंनी सुचवलं की लोकांना कळेल असं करा, सरळ दोन रंगांची कार्ट्रिज काढा. दुकानात लाल आणि हिरवा डबा शेजारी शेजारी दिसला की मूल विचारणारच, फरक काय?

मुद्दाम अपुरा ठेवलेला गेम

तर फरक असा. ११ जाती फक्त रेडमध्ये सापडतात, ग्रीनमध्ये नाहीत. ११ जाती फक्त ग्रीनमध्ये, रेडमध्ये नाहीत. एकान्स पाहिजे तर रेडवाला मित्र शोधा, सँडश्रू पाहिजे तर ग्रीनवाला.

पण खरी गंमत एवढ्यावर संपत नाही. समजा तुम्ही श्रीमंत घरातले आहात आणि दोन्ही कार्ट्रिज घेतली. तरीही अडकाल, कारण गेमने आत जागोजागी फाटे फोडून ठेवलेत. सुरुवातीला बल्बासॉर, चार्मँडर आणि स्क्विर्टल यांतला एकच मिळणार. गुहेत दोन जीवाश्म, उचलायचा एकच. ईव्ही मिळतो एक आणि त्याची रूपं तीन. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तुम्ही एक निवडता, आणि जे सोडता ते कुणा दुसऱ्याने निवडलेलं असतं.

त्याहून पुढची पायरी म्हणजे चार पोकेमॉन असे आहेत की दुसऱ्याला दिल्याशिवाय त्यांची वाढच पुरी होत नाही. कडाब्राचा अलाकझाम, मॅचोकचा मॅचँप, ग्रॅव्हेलरचा गोलेम, हाँटरचा गेंगार. तुम्ही कडाब्राला १०० व्या लेव्हलला न्या, तो कडाब्राच राहणार. वायरमधून पलीकडे गेला की त्या क्षणी बदलतो. आणि बदलतो तो दुसऱ्याच्या गेम बॉयमध्ये! आता तो परत मिळेल की नाही हे समोरच्या माणसावर अवलंबून. हा तांत्रिक प्रश्न नाहीये, विश्वासाचा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना एका गेमने हा व्यवहार करायला लावला.

अजून एक बारकावा. नवा गेम सुरू केला की तुम्हाला ० ते ६५५३५ मधला एक आकडा चिकटतो. तुम्ही पकडलेल्या प्रत्येक पोकेमॉनवर तुमचं नाव आणि हा आकडा कायमचा लिहिला जातो. तो दुसऱ्याकडे गेला तरी पुसला जात नाही. परक्याकडून आलेला पोकेमॉन दीडपट वेगाने शिकतो, पण तुमच्याकडे पुरेसे बॅज नसतील तर तुमचं ऐकत नाही. गेमला माहीत असतं की हा तुमचा नाही, तुमच्याकडे आलेला आहे.

वायरच्या आत

आता थोडं माझ्या धंद्यातलं बोलतो. मी दिवसभर सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात यावर काम करतो, त्यामुळे हा भाग वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

आपल्याला वाटतं की डेटा पाठवणं ही एक क्रिया आणि डेटा घेणं ही दुसरी. गेम बॉयच्या केबलमध्ये तसं नाही. प्रत्येक गेम बॉयमध्ये ८ बिटांची एक रांग असते. शिफ्ट रजिस्टर म्हणतात तिला. दोघांपैकी एक यंत्र ताल धरतं, सेकंदाला ८१९२ ठोके. प्रत्येक ठोक्याला माझ्या रांगेतला पहिला बिट तुझ्याकडे जातो, आणि त्याच ठोक्याला तुझ्या रांगेतला पहिला बिट माझ्या रांगेच्या शेवटी येऊन बसतो. आठ ठोके झाले की माझा बाइट पूर्ण तुझ्याकडे आणि तुझा पूर्ण माझ्याकडे.

लक्षात आलं? घेतल्याशिवाय देता येत नाही आणि दिल्याशिवाय घेता येत नाही. हार्डवेअरलाच फक्त अदलाबदल येते. टेट्रिसही याच रांगेवर चालायचं, पण तिथे ते खेळाडूला जाणवत नव्हतं. यंत्राचा जो मूळ स्वभाव होता तोच ताजिरींनी खेळाचा नियम केला.

बाकी प्रकार असा. पोकेमॉन सेंटरमधल्या काउंटरवरची बाई आधी गेम सेव्ह करून घेते. मग दोन्हीकडच्या पथकांची सगळी माहिती एकमेकांकडे जाते. इंग्रजी आवृत्तीत पथकातल्या एका पोकेमॉनची माहिती म्हणजे ४४ बाइट, नावं वेगळी. त्याची ताकद, त्याचे हल्ले, अनुभव, मालकाचा आकडा, सगळं एवढ्यात. नंतर तुम्ही फक्त सांगता की माझा तिसरा दे, तुझा पाचवा घेतो. स्क्रीनवर वायर दिसते आणि तिच्यातून चेंडू सरकत जाताना दिसतो. ताजिरींचा तो सरपटणारा किडा, तोच.

यात एक भोक होतं आणि मुलांनी ते शोधलंच. अदलाबदल झाल्यावर दोन्ही यंत्रं आपापल्या कार्ट्रिजमध्ये वेगवेगळी नोंद करतात. नेमक्या क्षणी एकाचं बटण बंद केलं तर एकीकडे नोंद झालेली असते, दुसरीकडे झालेली नसते. परिणाम, तोच पोकेमॉन दोघांकडे. यूपीआयवर पैसे कापले गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, हा आपला रोजचा वैताग. हे त्याचंच उलटं रूप. दोन वेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी पक्क्या करणं हा आमच्या क्षेत्रातला जुना, चिवट प्रश्न आहे. मुलं तो शाळेच्या मधल्या सुट्टीत वापरून दोन-दोन पोकेमॉन बनवत होती.

३०० बाइटांचा म्यू

गेम आला तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा जुना झाला होता. सोनीचं प्लेस्टेशन बाजारात होतं. निन्टेन्डोलाही फार आशा नव्हती. आणि इथे एका प्रोग्रॅमरचा खोडकरपणा कामाला आला.

जपानी कार्ट्रिज ५१२ केबीचं होतं. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याहून मोठा असतो. जागा ठासून भरलेली. शेवटी शेवटी चाचणीसाठी ठेवलेला कोड काढून टाकला, तेव्हा साधारण ३०० बाइट मोकळे झाले. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने त्यात गुपचूप १५१ वा पोकेमॉन घातला, म्यू. चाचणी संपल्यानंतर, म्हणजे कुठल्याही शहाण्या टीममध्ये कोडला हात लावायचा नसतो त्या वेळी. हे आज ऑफिसात कुणी केलं तर काय होईल ते सांगायला नको.

म्यू गेममध्ये सरळ मार्गाने सापडत नव्हता. पण अफवा पसरल्या. मग 'कोरोकोरो' या मुलांच्या मासिकाने जाहीर केलं की २० वाचकांना म्यू देऊ. अर्ज आले सुमारे ७८,०००. विचार करा, जो प्राणी केवळ काही बाइटांचा आहे, जो दुसऱ्याने वायरमधून दिल्याशिवाय मिळत नाही, त्यासाठी ७८,००० पत्रं. बहुतेक गेम पहिल्या आठवड्यात विकले जातात आणि मग उतरतात. हा उलटा चढत गेला. एका मुलाने घेतला की त्याला दुसरा मुलगा लागायचाच. पहिल्या आवृत्त्या जपानमध्येच एक कोटीहून जास्त विकल्या गेल्या. अमेरिकेत २८ सप्टेंबर १९९८ ला रेड आणि ब्लू आले.

आपल्याकडे वायर आलीच नाही

आता आपल्या बाजूला येऊ. भारतात पोकेमॉन घराघरात पोचला तो २००३ मध्ये, कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून. गेम बॉय मात्र दुकानात सहज मिळणारी वस्तू नव्हती. आपल्या हातात होता तो राखाडी ब्रिक गेम, आणि टीव्हीला जोडायचा तो पिवळ्या कॅसेटवाला गेम. खरा गेम बॉय कुणाकडे असलाच तर मामाने परदेशातून आणलेला. एका सोसायटीत दोन गेम बॉय, वर केबल, हा योग दुर्मिळ.

मग माझ्या वयाच्या मुलांनी हा गेम खेळला कसा? इम्युलेटरवर. कुणीतरी सायबर कॅफेतून रॉम आणायचा, तो पेन ड्राइव्हवर फिरायचा, आणि आपण घरच्या कॉम्प्युटरवर एकटे बसून खेळायचो. नकाशा पूर्ण, कथा पूर्ण, लढाया पूर्ण. पण कडाब्रा कडाब्राच. कितीतरी जणांना वर्षानुवर्षं वाटत होतं की आपल्या फाइलमध्येच काहीतरी खराब आहे. पुढच्या काही इम्युलेटरमध्ये दोन खिडक्या उघडून स्वतःच स्वतःशी अदलाबदल करायची सोय आली. चाहत्यांनी बदललेल्या काही रॉममध्ये तर ही अटच काढून टाकलेली असते, कडाब्रा ठरावीक लेव्हलला आपोआप वाढतो.

सोय म्हणून ठीक आहे. त्या मुलांकडे दुसरा पर्यायही नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण इतिहास सांगताना हे नोंदवायला हवं की ही दुरुस्ती जिथे झाली तिथे बिघाड नव्हताच. तिथे दुसरा माणूस होता. आपण गेम पूर्ण केला आणि माणूस वजा केला.

गंमत म्हणजे ताजिरींना हवा होता तो खेळ आपल्याकडे चालूच होता. चिप्सच्या पाकिटातले टॅझो आठवा. माझ्याकडे हा डबल आहे, तुझ्याकडे कुठला आहे? दोन देतो, तो एक दे. वर्गात, जिन्यावर, रिक्षात हे सौदे व्हायचे. भुंग्यांची अदलाबदल कार्ट्रिजवाटे आपल्यापर्यंत पोचली नाही, प्लॅस्टिकच्या चकतीवाटे पोचली.

वायर गेल्यावर

पुढे निन्टेन्डोने स्वतःच वायर सोडली. २००४ मध्ये फायररेड आणि लीफग्रीनसोबत बिनतारी अडॅप्टर आला. २००६ मध्ये डायमंड आणि पर्लपासून इंटरनेटवरून जगात कुणाशीही अदलाबदल करता यायला लागली. समोरचा कोण, कुठला, काही कळायची गरज उरली नाही. कडाब्रा आता अनोळखी माणसाकडे जाऊन वाढू लागला.

२०१६ मध्ये पोकेमॉन गो आला, डिसेंबरात जिओबरोबर भारतात. सुरुवातीला त्यात अदलाबदल नव्हतीच. जून २०१८ मध्ये ती आली तेव्हा अट घातली की दोघं एकमेकांपासून १०० मीटरच्या आत असले पाहिजेत. सॅटेलाइट, मोबाइल टॉवर, सर्व्हर, एवढा पसारा असून नियम लिहावा लागला की बाबांनो, भेटा. १९९६ मध्ये हा नियम लिहायची गरज पडली नव्हती. केबलच लहान होती.

जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला एक छोटा बटण सेल असतो. तो संपला की सगळं पुसलं जातं, आणि त्या काळातले बरेचसे सेल आता संपलेत. पण तुम्ही जो पोकेमॉन मित्राला दिलात तो त्याच्या कार्ट्रिजमध्ये, तुमच्या नावासकट आणि आकड्यासकट. त्याने वेळेत सेल बदलून माहिती जपली असेल तर तुमच्या लहानपणचा तेवढा एक तुकडा अजून शाबूत आहे. तुम्ही स्वतः सांभाळलेलं गेलं, दुसऱ्याला दिलेलं राहिलं.

तर आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कुणी खऱ्या केबलने, समोरासमोर बसून अदलाबदल केली असेल तर जरूर कळवा, कुणाशी केली आणि तो परत दिला का तेही सांगा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.